कॅन्सरची राष्ट्रीय नोंदणी डिजिटल होतेय, पण नोंद पूर्ण कशी होणार?

सुप्रिया_ना (धागाकर्ती)

एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी संगणक विभाग सांभाळते. येत्या वर्षात कागदी केसपेपर जाऊन सगळं नव्या प्रणालीवर येणार आहे आणि तिच्यात कॅन्सर नोंदणीचा वेगळा भाग हवा असं ठरलंय. त्यानिमित्ताने बरंच वाचलं, रजिस्ट्रीत काम करणाऱ्या काही जणांशी बोलले आणि एक मत बनत गेलं. ते मांडते. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी भर घालावी, पटत नसेल तर खोडून काढावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. लोकसंख्येवर आधारलेली, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्या लोकांतले सगळे कॅन्सर रुग्ण नोंदवणारी, आपली पहिली कॅन्सर रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केली. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) कॅन्सर नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम डिसेंबर १९८१ मध्ये उभा राहिला आणि १९८२ पासून मुंबई, बंगळुरू आणि चेन्नई या तीन शहरांच्या नोंदी त्यात येऊ लागल्या. आज हा कारभार आयसीएमआरचीच बंगळुरूची एनसीडीआयआर ही संस्था बघते. २०२० च्या अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ आणि रुग्णालयावर आधारित (तिथे आलेले रुग्णच नोंदवणाऱ्या) ५८ रजिस्ट्र्यांची माहिती आहे. पण ती २०१२ ते २०१६ या काळातली, आणि देशाच्या साधारण दहा टक्के लोकसंख्येपुरतीच. त्या वर्षी नवे रुग्ण १३.९ लाख असतील असं जे छापून आलं तो या तुकड्यावरून बांधलेला अंदाज होता.

उशिराचा दोष लोक संगणकाला देतात. मला ते पटत नाही. नोंदी भरायचं सॉफ्टवेअर एनसीडीआयआरकडे आहे, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचं कॅनरेग हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. वेळ जातो तो नोंद भरण्याआधी: रुग्ण शोधण्यात, तीन-चार ठिकाणचे त्याचे कागद गोळा करण्यात, आणि ते सगळे एकाच माणसाचे आहेत याची खात्री करण्यात.

रुग्णालयं, लॅब, मृत्युनोंद आणि आभा क्रमांक (प्रत्येकाचा डिजिटल आरोग्य क्रमांक) एकमेकांना जोडले तर यातलं नेमकं काय सुटेल? आणि काय तसंच राहील?

मुळामुठा

वाचनखूण साठवली. सविस्तर वाचून लिहितो.

स्लाइडवाला

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पंचवीसेक वर्षं बायोप्सी बघतोय. कॅन्सरचं निदान पक्कं होतं ते आमच्या टेबलावर, म्हणून रजिस्ट्रीची माणसं आमच्याकडे येतात. रिपोर्ट आम्ही आनंदाने देतो. पण रिपोर्टवर असतं काय? नाव, वय, 'पु' किंवा 'स्त्री', आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव. पत्ता नाही. नमुना कलेक्शन सेंटरवरून येतो, तिथल्या मुलाने चिठ्ठीवर जेवढं लिहिलं तेवढंच आमच्या संगणकात चढतं. लोकसंख्येवर आधारित रजिस्ट्रीत पत्ता नसलेली नोंद बसतच नाही, कारण तो माणूस त्या भागात निदान एक वर्ष राहत होता हे ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट, आमचे रिपोर्ट म्हणजे निबंध. प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. रजिस्ट्रीला आयसीडी-ओ या कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीप्रमाणे दोन गोष्टी लागतात: अवयव कोणता आणि पेशींचा प्रकार कोणता. स्तनाचा नेहमीचा डक्टल कार्सिनोमा असेल तर अवयवाला सी ५०, प्रकाराला ८५००/३. तो शेवटचा ३ म्हणजे पसरण्याची क्षमता असलेला, २ असेल तर जागच्या जागी असलेला. एका अंकाने नोंद धरली जाते किंवा गळते. रिपोर्ट ठरावीक रकान्यांत लिहिला तर हे कोड मशीन सुचवू शकेल. सुप्रियाताई, तुमच्या प्रणालीत सगळ्यात आधी हे करा.

वऱ्हाडातला_जाधव

माझं आडनाव जाधव. आमच्या विदर्भात इंग्रजीत लिहिताना शेवटी 'ओ' लावतात, माझ्या आधारवर तेच आहे. धाकटा भाऊ पुण्यात स्थायिक झाला, त्याच्या सगळ्या कागदांवर शेवटी 'व्ही'. आईचा उपचार आधी नागपूरला झाला, नंतर पुण्याला. दोन रुग्णालयांत तिची दोन स्पेलिंगं. वर सासरचं नाव, माहेरचं नाव हा प्रकार आहेच. तिच्या लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं होतं आणि जुन्या रेशनकार्डावर माहेरचंच राहिलं होतं. रजिस्ट्रीच्या दृष्टीने माझी आई किती बायका झाली असेल?

कोडकर

जाधवसाहेब, तुमचं उदाहरण मोलाचं आहे. ज्यांना वाटतं की जुळवणी संगणक आपोआप करतो त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

नावं उच्चारावरून जुळवायची सगळ्यात जुनी पद्धत साउंडेक्स. तिचं पेटंट १९१८ सालचं, अमेरिकन आडनावांसाठी बनवलेली. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. तुमच्या एका स्पेलिंगमध्ये 'व्ही'ला आकडा मिळतो, दुसऱ्यात 'ओ'ला काहीच मिळत नाही. म्हणजे दोन्ही जाधव वेगळे. 'वाघ' एकाने 'डब्ल्यू'ने लिहिलं आणि दुसऱ्याने 'व्ही'ने, तर पहिलंच अक्षर बदललं, म्हणजे भेट होणारच नाही. 'भोसले'मधला 'ए' गाळला तरी मात्र जुळतं. कुठे जुळेल आणि कुठे नाही हे मराठी माणसाला आधी सांगता येणार नाही.

उपाय आहेत. नाव देवनागरीतही साठवायचं, रुग्णाने सांगितलं तसं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पूर्वीचं नाव, गाव, मोबाइल, जन्मवर्ष हे वेगवेगळे रकाने ठेवायचे आणि प्रत्येक जुळणीला वजन द्यायचं. या गणिताचा पाया फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये घालून दिलाय. बेरीज खूप जास्त आली तर एकच माणूस, खूप कमी आली तर वेगळा, आणि मधल्या नोंदी माणसाने डोळ्यांनी बघायच्या. मधला गठ्ठा आपल्याकडे मोठा असणार. वयसुद्धा आपण पन्नास, पंचावन्न, साठ असंच सांगतो.

सायली_दापोली

दोन स्पेलिंगचे दोन जाधव भाऊ याच धाग्यावर आले तर जुळवणी इथेच होऊन जाईल :)

वऱ्हाडातला_जाधव

बोलावतोच त्याला!

बार्शीकर

मी बार्शीचा. आमच्या गावाचं नाव या विषयात काढल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांतली ३४६ गावं. टाटा मेमोरियलची मदत होती, काम इथल्या नर्गिस दत्त रुग्णालयातून चालायचं.

शहरात रजिस्ट्रीची माणसं रुग्णालयांत जाऊन फाइली बघतात. इथे बघायला फाइलीच नव्हत्या, कारण गावातली बाई रुग्णालयात जातच नव्हती. मग माणसं गावोगावी गेली. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी यांना भेटायचं, पारावर लोकांना लक्षणं समजावून सांगायची. कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, कुणाच्या तोंडातला फोड भरत नाही हे विचारायचं आणि अशांना तपासणीला घेऊन यायचं. ग्रामपंचायतीचं जन्ममृत्यूचं रजिस्टर पानन् पान बघायचं.

याचा परिणाम नोंदीपुरता राहिला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. हे संशोधन १९९५ मध्ये छापून आलंय. म्हणून म्हणतो, ज्याला तुम्ही 'डेटा गोळा करणं' म्हणता त्यात माणूस दारात गेला होता आणि त्याने जीव वाचवले. डिजिटलच्या नावाखाली ही माणसं कमी केली तर आमच्या भागात नोंदही जाईल आणि रुग्णही जाईल.

अनिरुद्ध_के

मी जरा वेगळं मत मांडतो. औषधाला पैसे नाहीत म्हणून लोक उपचार अर्धवट सोडतात. अशा देशात मोजणीवर एवढा खर्च का? आधी जिल्ह्याजिल्ह्यात रेडिएशनचं मशीन बसवा. रुग्ण किती आहेत ते रांगेवरून कळेलच.

बार्शीकर

अनिरुद्ध, रांगेत आलेलाच दिसतो. न आलेला कसा दिसणार?

एक उदाहरण देतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या निष्कर्षाचा जगभर उपयोग झाला. कोणत्या बाईला पुढे कॅन्सर झाला आणि कोण गेली याचा वर्षानुवर्षांचा माग गावपातळीवर ठेवला गेला, म्हणून तो निष्कर्ष काढता आला. नोंद नसती तर तपासणीचा उपयोग होतो हे सिद्ध करता आलं नसतं.

अनिरुद्ध_के

हा अभ्यास माहीत नव्हता, शोधून वाचतो. मशीनचा मुद्दा मात्र सोडत नाही. मोजून झाल्यावर तो आकडा मशीन कुठे बसवायचं हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर गेला पाहिजे.

ज्योत्स्ना_संख्या

मी संख्याशास्त्र शिकवते. २०२० च्या त्याच अहवालातला एक आकडा बघा. वयाचा फरक काढून टाकल्यावर पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण मिझोरामच्या ऐझॉलला, लाखात २६९.४. सगळ्यात कमी उस्मानाबाद आणि बीडला, लाखात ३९.५. जवळपास सात पट फरक. मिझोराममध्ये तंबाखूचं प्रमाण आणि खाण्यापिण्याच्या सवयी वेगळ्या आहेत, त्यामुळे खरा फरक असणारच. पण मराठवाड्यातल्या साठीच्या शेतकऱ्याला पोटाचा कॅन्सर झाला आणि एंडोस्कोपी कधी झालीच नाही, तर तो मोजला जाणार नाही. यातला किती फरक आजाराचा आणि किती निदानाचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. त्यासाठी मृत्यूची कारणं लागतात.

आणि तिथेच आपली सगळ्यात मोठी गळती आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं.

स्लाइडवाला

+१. आणि जे प्रमाणित होतात त्यांत 'हृदयक्रिया बंद पडून' हे किती असतात ते विचारा. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. फॉर्म ४ मध्ये, म्हणजे डॉक्टरने भरायच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, मूळ आजार लिहायची वेगळी ओळ आहे. ती रिकामी राहते किंवा रात्रपाळीचा मुलगा घाईत काहीतरी लिहितो.

आशा_गट_क्र_४

मी आशा म्हणून काम करते. घरी वारलेल्या माणसाचं कारण 'म्हातारपण' लिहिलं जातं. घरच्यांना माहीत असतं की कॅन्सर होता, पण ते सांगत नाहीत. पोरीचं लग्न व्हायचं असतं. मला सांगतात, कारण माझं येणंजाणं आहे. पण माझ्या वहीत त्यासाठी रकाना नाही आणि मी सांगितलेलं पुढे कुणी लिहीतही नाही. आता तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरतो आम्ही, तंबाखू खाता का, तोंडात फोड आहे का असं विचारतो. ॲपमध्ये चढवतो. पुढे त्या माणसाला कॅन्सर निघाला की नाही हे ॲप मला परत सांगत नाही. ते सांगितलं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाईन.

सुप्रिया_ना (धागाकर्ती)

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. माहिती वर जाते तशी खालीही यायला हवी, हे वहीत लिहून घेतलंय.

निनाद_वि

पोरीच्या लग्नाची गोष्ट निघालीच आहे तर गोपनीयतेवर बोलू. सगळं आभाला जोडायचं म्हणजे कॅन्सरचं निदान एका क्रमांकाशी कायमचं बांधायचं. उद्या विमा कंपनी बघेल, नोकरी देणारा बघेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मागतो. माझी संमती नसेल तर माझी नोंद राष्ट्रीय यादीत का असावी?

ज्योत्स्ना_संख्या

निनाद, भीती रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करू. त्याच कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे. अट अशी की त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. रजिस्ट्री नेमकी यात बसते. तिला तुमचं नाव जुळवणीपुरतं लागतं, अहवालात फक्त बेरीज जाते.

माझी चिंता उलट बाजूची आहे. आभा ऐच्छिक आहे आणि तसंच राहावं. पण रजिस्ट्री आभावरच उभी केली, तर ज्यांनी क्रमांक काढला नाही ते सगळे मोजणीतून गळतील. ते कोण असतील? ऊसतोड कामगार, वृद्ध बायका, भीतीपोटी नकार देणारे. मग आकडा ताजा असेल, पण चुकीचा. इंग्लंडमध्ये नोंद आपोआप होते आणि नको असेल त्याला बाहेर पडायचा हक्क आहे. मला तो रस्ता बरा वाटतो.

निनाद_वि

बाहेर पडायचा हक्क असेल आणि नाव कुणी कधी उघडून बघितलं याची नोंद राहणार असेल, तर माझा विरोध बराच कमी होईल. आज रुग्णालयात कुणाचीही फाइल कुणीही चाळतो.

फ्योर्डकाठी

ऑस्लोहून लिहितेय. इथे आरोग्यक्षेत्रातच काम करते, त्यामुळे रोज बघते ते सांगते. नॉर्वेची रजिस्ट्री १९५० च्या दशकात सुरू झाली आणि कॅन्सर कळवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. १९६४ पासून प्रत्येकाला अकरा आकडी क्रमांक आहे, त्यामुळे जाधव भावांची अडचण येत नाही. पण क्रमांकापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दोन वाटांची पद्धत. लॅबकडून रिपोर्ट वेगळा जातो, उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून वेगळा. लॅबचा आला आणि डॉक्टरचा आला नाही, तर डॉक्टरला स्मरणपत्र जातं. मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सर आहे आणि आधी नोंद नाही, तरी विचारणा होते. गळती कुठे झाली हे यंत्रणेला स्वतःहून कळतं. देश लहान आहे हे मान्य, पण ही पद्धत एका जिल्ह्यातही चालेल.

कोडकर

आपल्याकडे बंधनकारक करायचं अडतंय कुठे? टीबीचं झालंच की. २०१२ मध्ये टीबी अधिसूचित केला, म्हणजे प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक केलं, त्याच वर्षी त्या नोंदींसाठी निक्षय ही ऑनलाइन प्रणाली आली, आणि आज खासगी डॉक्टर दरवर्षी लाखांनी रुग्ण कळवतात.

ज्योत्स्ना_संख्या

कॅन्सरसाठी त्रिपुरा, पश्चिम बंगाल, पंजाब, कर्नाटक अशा काही राज्यांनी ते केलंय. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये देशभर करावं अशी शिफारस केली. विरोधातला मुद्दा असा की अधिसूचना संसर्गजन्य आजारांसाठी असते. मला तो पटत नाही. नोंद फक्त साथ रोखण्यासाठी करतात असं थोडंच आहे! पण टीबीत नुसता कायदा नव्हता. कळवणाऱ्याला मानधन मिळालं, रुग्णाला पोषणाचे पैसे मिळाले. कळवण्याचा फायदा कळवणाऱ्याला दिसला.

राजू_सावंतवाडी

आमच्या सिंधुदुर्गातले लोक मोठ्या आजाराला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तेच जवळ. निदान गोव्यात, घर महाराष्ट्रात, पुढचा उपचार मुंबईला नातेवाइकाकडे राहून. मुंबईत पत्ता विचारला की लोक परळचा किंवा डोंबिवलीचा पत्ता सांगतात, पत्र तिथे येतं म्हणून. हा माणूस कुठला धरणार?

स्लाइडवाला

फार चांगला प्रश्न. निदानाच्या वेळी तो जिथे वर्षभर राहत होता तिथला, म्हणजे सावंतवाडीचा. पण संगणकावर फक्त 'पत्ता' असा एकच रकाना असेल तर तो डोंबिवलीचा होणार. रजिस्ट्रीची अनुभवी माणसं म्हणूनच रुग्णाला 'पत्ता काय' असं न विचारता 'इथे किती वर्षं राहता, गाव कुठलं' असं विचारतात. तसंच तारखेचं. बायोप्सी बांबोळीला मार्चमध्ये झाली आणि मुंबईत तीच स्लाइड जूनमध्ये पुन्हा बघितली, तर निदान मार्चचं. नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जातो.

मुळामुठा

सगळं वाचलं. सरकारी आरोग्य योजनांमध्ये रुग्णालयं उपचाराच्या पैशांसाठी जे दावे करतात, त्यांची माहिती वापरता येणार नाही का? महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे रुग्ण भरपूर असतात आणि ते आधीच ऑनलाइन आहे.

कोडकर

रुग्ण शोधायला उपयोगी, मोजायला नाही. दावा असतो उपचाराच्या पॅकेजचा. केमोच्या प्रत्येक फेरीला नवी ओळ. पेशींचा प्रकार नाही, निदानाची पहिली तारीख नाही. पण दाव्यात नाव आहे आणि रजिस्ट्रीत नाही, अशी यादी निघाली तर फ्योर्डकाठी म्हणतात तशी विचारणा सुरू करता येईल.

सुप्रिया_ना (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाकडे परत येते, कारण पुढच्या आठवड्यात प्रणाली बनवणाऱ्यांना यादी द्यायची आहे.

जोडणीने कागद गोळा करायचा वेळ वाचेल, याबद्दल आता शंका नाही. पत्ता, नाव आणि मृत्यूचं कारण हे तिन्ही मात्र पहिल्या खिडकीवरच नीट घ्यावे लागतील. म्हणून असं मागणार आहे: सध्याचा पत्ता आणि कायमचं गाव वेगळे, शिवाय 'इथे किती वर्षं'. नाव देवनागरीत, पूर्वीचं नाव वेगळ्या रकान्यात. आभा असेल तर घ्यायचा, नसेल तर नोंद अडवायची नाही. निदानाची पहिली तारीख आणि ते कुठे झालं. फाइल कुणी उघडली त्याची नोंद. फॉर्म ४ भरताना त्या रुग्णाचं जुनं निदान समोर दिसावं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला मूळ आजार शोधत बसावं लागणार नाही. आणि आशाताईंच्या ॲपकडे परत जाणारा संदेश, तो आमच्या हातात नाही, पण लेखी मागणी करणार.

स्लाइडवाला, एक मदत हवी. आमच्या लॅबला नमुने पाठवणाऱ्या बारक्या दवाखान्यांच्या चिठ्ठीवर काय काय छापून घेऊ?

स्लाइडवाला

जास्त छापलंत तर कुणी भरणार नाही. पूर्ण नाव, जन्मवर्ष, मोबाइल, गाव आणि तालुका, नमुना कुठून घेतला, आणि आधी बायोप्सी झाली असेल तर कुठे व कधी. एवढंच. पत्त्यापेक्षा गाव-तालुका लोक पटकन सांगतात. आमच्या लॅबच्या चिठ्ठीतही मी हाच बदल करून घेतो. रजिस्ट्रीच्या माणसांना आधी दाखवू, त्यांनी हो म्हटलं की नमुना इथे टाकतो.

आशा_गट_क्र_४

मोबाइल कुणाचा तेही लिहून घ्या. बाईच्या कागदावर बहुतेक वेळा मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर असतो आणि तो पुण्यात असतो.

कोडकर

'मोबाइल कुणाचा' हा रकाना मी स्वतः कुठल्याही प्रणालीत अजून बघितलेला नाही. सुप्रियाताई, नक्की घाला.